एमजीबीचा सडलेला फ्लोअर बदलला, आता एक पूर्ण हिवाळा उलटून गेलाय

वेल्डिंग संपतं त्या दिवशी प्रत्येक गाडी छानच दिसते. म्हणून इंग्लंडातला एक हिवाळा, मीठ टाकलेले रस्ते आणि सततची ओल गाडीने सोसल्यावरच लिहायचं असं ठरवलं होतं. गाडी १९७२ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीची उघडी स्पोर्ट्स कार. दोन्ही बाजूंचे फ्लोअर आणि डाव्या बाजूचा सिल (दाराखालची लांब पोकळ पत्र्याची पेटी) नवा घातला. आजची स्थिती अशी: आतला पत्रा कोरडा आहे, दारं हलक्या हाताने लागतात, कार्पेटखालचा कुबट वास पूर्ण गेलाय. एका सांध्यावरच्या सीलंटला (फट बुजवणाऱ्या लेपाला) मात्र तडा गेलाय. त्याबद्दल पुढे येईलच.

ही गाडी १९६२ ते १९८० या काळात अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात बनली, पाच लाखांहून जास्त. तिच्या आधीच्या एमजीएला वेगळी चासी होती. एमजीबीत बॉडी हीच चासी. त्यातून रोडस्टरला वर छप्पर नाही, म्हणजे पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी बांधून ठेवण्याचं काम मुख्यतः मधला टनेल (दोन सीटांमधला लांब उंचवटा) आणि दोन्ही सिल करतात. फ्लोअर या तिघांना जोडतो. म्हणून इथे गंज धरला तर पाय ठेवायची जागा गेली एवढ्यावर भागत नाही, गाडीचा कणाच ढिला होतो. बाहेरून चकचकीत रंग, आत पुट्टी भरलेली आणि खालून काळं डांबरी अंडरसील (पत्र्याचं रक्षण करणारा लेप) फासलेलं, अशा गाड्या बाजारात भरपूर आहेत. घेण्याआधी कार्पेट उचलू देत नसतील तर सरळ मागे फिरा.

माझ्या गाडीत पाणी बहुतेक वरूनच येत होतं. वायपरपुढच्या जाळीतून पावसाचं पाणी हीटरच्या हवेच्या कप्प्यात पडतं आणि तिथून एका रबरी नळीने खाली टनेलच्या बाजूला निघून जातं. ती नळी पालापाचोळ्याने तुंबली की कप्पा भरतो आणि पाणी पायांशी उतरतं. फ्लोअरवर कारखान्यातूनच आवाज दाबायला डांबरी पट्टे चिकटवलेले असतात. ते कडेने सुटले की ओल खाली शिरते ती बाहेर येतच नाही. वरून पट्टा शाबूत दिसत होता. स्क्रूड्रायव्हरने उचकटला तर खाली पत्र्याचे खारीसारखे पापुद्रे सुटून हातात आले. सीटच्या रुळांखालच्या लाकडी पट्ट्यासुद्धा पाणी धरून ठेवतात. त्यांच्या खालचा भाग सगळ्यात जास्त कुजलेला होता.

तुकडे लावायचे की पूर्ण फ्लोअर घालायचा? माझं मत स्पष्ट आहे: भोकं तळहातापेक्षा मोठी असतील किंवा गंज कडेच्या सांध्यात पोचला असेल तर पूर्ण फ्लोअर. ठिगळाच्या चारही बाजूंना जुना, पातळ झालेला पत्रा असतो, वेल्डिंग त्यावर धरत नाही, पत्राच जळत जातो. शिवाय पूर्ण पॅनेल लावायला सोपं पडतं, कारण सांधे कारखान्याने जिथे ठेवले तिथेच येतात.

पॅनेलच्या बाबतीत पैसे वाचवू नका. ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था मूळ साच्यांवरून पत्रे बनवते. १९८८पासून तर एमजीबीची अख्खी बॉडीसुद्धा नवी मिळते. त्यांचा उजवा फ्लोअर जवळपास जसाच्या तसा बसला. डावा मी दुसरीकडून स्वस्तात घेतला होता. त्याच्या उंचवट्याच्या रेषा फ्लोअरखालच्या आडव्या मेंबरशी (तुळईशी) जुळेनात, टनेलकडची कड कमी वळवलेली. ठोकून, वाकवून बसवला, पण त्यात गेलेला वेळ धरला तर स्वस्त कसला! आणखी एक तपासणी जरूर करा: नव्या पॅनेलवरचा काळा रंग थिनरच्या फडक्याने पुसून बघा. फडकं काळं झालं तर तो रंग फक्त वाहतुकीपुरता आहे, सगळा काढून टाका. त्यावर महागडा प्रायमर मारला तरी एक दिवस रंगासकट सुटणार.

कापाकापीला हात घालण्याआधी दाराच्या चौकटीत आडवी लोखंडी नळी वेल्ड करून चौकट जखडून ठेवायची. हे ज्यांनी टाळलं त्यांच्या गाड्या मधून किंचित वाकतात आणि मग दार पुन्हा कधीच नीट लागत नाही. दोन्ही दारांच्या फटी आधी मोजून लिहून ठेवा. टेकूसुद्धा सस्पेन्शनजवळ हवेत, कुजलेल्या जॅकिंग पॉइंटवर (जॅक लावायच्या जागेवर) नकोत. पत्र्याखालून पेट्रोलची नळी, ब्रेकची नळी आणि बॅटरीची जाड केबल जाते. ती आधी सोडवा, बॅटऱ्या काढा, अग्निशामक हाताशी ठेवा.

जुने स्पॉट वेल्ड (कारखान्यातले ठिपक्यांसारखे टाके) त्यासाठीच मिळणाऱ्या कटरने फक्त वरच्या पत्र्यापुरते कापले. नव्या पत्र्याच्या कडेला सहा मिलिमीटरची भोकं पाडून त्यातून प्लग वेल्ड केले. मिग मशीनला (सतत तार पुरवणारं वेल्डिंगचं यंत्र) ०.६ मिलिमीटरची तार आणि आर्गॉन-कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण. इतक्या पातळ पत्र्यावर गॅसशिवाय चालणारी तार मला अजिबात आवडली नाही, ठिणग्यांचे गोळे साफ करण्यातच जीव जातो. दोन पत्रे एकमेकांना घट्ट चिकटलेले असले तरच वेल्ड चांगला बसतो. क्लॅम्प जितके असतील तितके कमीच. आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ओळीने जायचं नाही, एक इथे, एक तिथे, मध्ये थंड होऊ द्यायचं, नाहीतर पत्रा लाटांसारखा उठतो.

झिंकच्या वेल्ड-थ्रू प्रायमरचा (ज्यावरून वेल्ड करता येतं अशा प्रायमरचा) गवगवा फार आहे. तो मी सांध्याच्या दोन्ही पत्र्यांवर लावला, पण भोकाच्या जागी खरवडून काढला. वेल्डच्या उष्णतेने त्यातलं झिंक जळतं, धूर होतो आणि टाका सच्छिद्र येतो. मास्क आणि उघडं दार हवंच. सांध्याचं खरं रक्षण पुढच्या थरांनी होतं: दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर, त्यावर सीलंट, मग रंग आणि सगळ्यात शेवटी पोकळ भागांत मेण. इपॉक्सी थंडीत नीट सुकत नाही, म्हणून हे काम मी उन्हाळ्यातच उरकलं. गंज रोखणारं रसायन फक्त खड्डे पडलेल्या पण जाड शिल्लक राहिलेल्या जुन्या पत्र्यावर वापरलं.

सिलच्या खाली किल्ल्याच्या तटासारख्या आकाराची एक पट्टी असते, तिला इथे सगळे कासल रेल म्हणतात. ती आतून पोकळ. तिथे ब्रश पोचत नाही, रंग पोचत नाही. बारीक नळीच्या टोकाला चहूबाजूंनी फवारणारा नोझल लावून मेण मारलं, खालच्या भोकांतून थेंब गळेपर्यंत. नंतर तीच भोकं तारेने मोकळी केली, नाहीतर आलेलं पाणी आतच कोंडतं.

थंडी संपल्यावर मोबाइलला जोडायचा स्वस्तातला एंडोस्कोप आत घालून दोन्ही बाजू बघितल्या. मेण अजून मऊ आहे, प्लग वेल्डच्या मागच्या बाजूला कुठेही तांबूस डाग नाही. हे बघून मला मनापासून आनंद झाला, कारण गंज नेहमी न दिसणाऱ्या मागच्या बाजूनेच सुरू होतो. तडा गेला तो टनेलजवळच्या सांध्याच्या सीलंटला. ब्रशने लावायचा तो सीलंट सुकल्यावर कडक होतो आणि तिथला पत्रा खडबडीत रस्त्यावर थोडा हलतो. खालचा इपॉक्सी शाबूत होता. तेवढा भाग खरवडून लवचीक पॉलियुरेथेन सीलंट भरला.

डांबरी पट्टे परत लावले नाहीत. फ्लोअर रंगवलेला, वर सुटी रबरी मॅट. आवाज वाढलाय, हायवेवर तो जाणवतो. पण पावसातून आल्यावर मॅट उचलून फडकं फिरवता येतं, आणि मला त्याचं मोल जास्त वाटतं. हीटरची नळी दर शरद ऋतूत, पानगळ संपली की साफ करतो.

ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांवरच्या, फारसा फेरफार न केलेल्या गाड्यांना २०१८पासून वार्षिक एमओटी तपासणीतून (गाडी चालवायला सुरक्षित आहे का ते बघणाऱ्या) सूट आहे. तरी मी गाडी तपासायला नेली. सीटबेल्ट आणि सस्पेन्शनच्या जोडांजवळच्या वेल्डकडे परक्या डोळ्यांनी बघितलं जावं असं मला वाटतं. मुंबईत, कोकणात किंवा गोव्यात जुनी पद्मिनी सांभाळणाऱ्यांनाही हे लागू पडतं. तीही बॉडीवरच उभी असलेली गाडी, आणि खारी हवा व पावसाळा मिळून तिथेही फ्लोअर आतूनच खातात. पावसाळ्याआधी मॅट आणि कार्पेट एकदा पूर्ण बाहेर काढून बघा.

माझ्या गाडीत आता सीटमागचे बॅटरीचे दोन कप्पे राहिलेत. या मॉडेलला सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या येतात, आणि सांडलेल्या अ‍ॅसिडने डाव्या कप्प्याचा तळ गेलाय. पत्रा मागवलाय, या वेळी मूळ साच्यावरचाच.