सर्व्हेइंगचा रविवारचा क्लास: लेव्हल पक्की, टोटल स्टेशन कच्चं

नात डिप्लोमा सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजात एका लेव्हलभोवती (उंचीतला फरक मोजायची दुर्बीण) दहा-बारा मुलं. दोघं रीडिंग घेतात, बाकीचे त्यांच्या वहीतून उतरवून काढतात. मग व्हायवाला ‘पॅरलॅक्स कसा घालवाल?’ विचारलं की सगळे छताकडे बघतात. म्हणून तिने वडोदऱ्यातल्या दांडिया बाजारातला हा सर्व्हेइंगचा, म्हणजे जमीनमोजणीचा, रविवारचा प्रॅक्टिकल क्लास लावला. मी सिंचन खात्यातला निवृत्त ओव्हरसिअर, सकाळी करायला काही नसतं, तर तिच्याबरोबर मीही जाऊ लागलो. सरांनी हरकत घेतली नाही, उलट ‘काका, खुरशी ल्यो’ म्हणून सावलीत बसवलं. तेव्हा खाली लिहितोय ते ऐकीव नाही.

फी साडेचार हजार, मुदत तीन महिने, बॅच बारा मुलांची, चार-चारांचे गट. थिअरी क्लासच्या खोलीत, तीही आटोपशीर. खरं काम पोलो ग्राउंडवर, सकाळी साडेसहाला. उशिरा आलेल्याला पहिला तासभर स्टाफ (लेव्हलमधून वाचायची आकड्यांची उंच पट्टी) धरून उभं करतात. शिक्षा म्हणून ठीक, पण त्याचा फायदाही आहे. स्टाफ जरा मागेपुढे झुकला की रीडिंग वाढतं, हे हात दुखल्याशिवाय डोक्यात शिरत नाही.

साखळी एका सकाळीत उरकली. तीस मीटरची साखळी, दीडशे कड्या, दर पाच मीटरला टॅली, म्हणजे खुणेची पट्टी. मोजा, गुंडाळा, संपलं. बरोबरच आहे. साइटवर आता साखळी कोण काढतं? परीक्षेत चार मार्कांना येते, तेवढ्यापुरती. प्रिझमॅटिक कंपासला (दिशा मोजायचं होकायंत्र) मात्र थोडा वेळ दिला. एकाच रेषेचं फोर बेअरिंग आणि बॅक बेअरिंग (दोन टोकांवरून घेतलेले दिशाकोन) यांत 180 अंशांचा फरक आला नाही, तेव्हा मुलांनी आधी यंत्राला दोष दिला. सरांनी लोखंडी कुंपणाकडे बोट दाखवलं आणि पुढे निघाले. लोकल अट्रॅक्शनवर (जवळच्या लोखंडाने सुई ओढली जाणं) लेक्चर झोडलं नाही, हे मला आवडलं.

या क्लासचा जीव आहे लेव्हलिंगमध्ये. पहिला नियम, आयपीस फिरवून आधी क्रॉसहेअर काळीभोर करा, मग स्टाफ फोकस करा, मग डोळा वरखाली करून बघा रेघ हलते का, हलली तर तोच पॅरलॅक्स. प्रत्येक वेळी यंत्र मांडलं की हे आलंच. दुसरा नियम, फील्डबुकात खोडरबर चालणार नाही. चुकलं तर एक रेघ मारा आणि वर नवा आकडा लिहा. आमच्या खात्यात रबर फिरवलेलं पान साहेब सरळ फाडायचे. इथे फाडत नाहीत, पण मार्क कापतात.

एका रविवारी त्यांनी मुलांना एक तयार पान दिलं. आकडे मीटरमध्ये: बेंचमार्कची (उंची माहीत असलेल्या बिंदूची) आरएल म्हणजे उंची 100.000 धरलेली, बॅक साइट म्हणजे त्यावरचं पहिलं रीडिंग 1.435, मधल्या बिंदूचं इंटरमीडिएट 1.870, शेवटचं फोर साइट 2.115. हाइट ऑफ इन्स्ट्रुमेंट, म्हणजे दुर्बिणीच्या नजरेची उंची, 101.435. मधल्या बिंदूची आरएल पानावर 99.655, शेवटची 99.320. तपासा म्हणाले. मुलांनी बॅक साइटमधून फोर साइट वजा केली, उणे 0.680. शेवटच्या आरएलमधून पहिली वजा केली, तीही उणे 0.680. सगळे खूश. मग सरांनी तेच पान राइज अँड फॉलने, म्हणजे लागोपाठच्या रीडिंगांतल्या चढ-उताराने, करायला लावलं. पहिला फॉल 0.435, म्हणजे मधली आरएल हवी 99.565. आकडे उलटे पडलेले, नऊ सेंटिमीटरची चूक, आणि आधीच्या पडताळ्यात तिचा पत्ताच नाही, कारण इंटरमीडिएट साइट त्या बेरजेत येतच नाही. तेवढ्यात माझ्या नातीने विचारलं, ‘सर, पण स्टाफच चुकीचा वाचला असेल तर?’ तर मग दोन्ही पद्धती गप्प बसतात, पुन्हा जाऊन वाचायचं. प्रश्न माझ्या नातीचा होता म्हणून कौतुक करतोय असं समजा हवं तर, पण त्या तासाला साडेचार हजार वसूल झाले.

नऊ सेंटिमीटर म्हणजे काय ते वडोदऱ्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री फुगली तेव्हा समाला माझ्या मेहुण्याच्या सोसायटीत एका बंगल्यात पाणी ओट्यापाशी थांबलं, शेजारच्याच्या सोफ्याखाली शिरलं. दोन्ही जोती एकाच नकाशावरची. सपाट गावात पाणी चार बोटांचा फरकही ओळखतं.

टू-पेग टेस्टही (लेव्हलची नजर खरंच आडवी आहे का याची तपासणी) नीट करवून घेतली. साठ मीटरवर दोन खुंट्या. लेव्हल बरोबर मध्ये ठेवून फरक काढला 0.215, मग एका खुंटीजवळ नेऊन पुन्हा काढला, तो सहा मिलिमीटरने वेगळा. मध्ये असताना दोन्हीकडे अंतर सारखं, म्हणून चूक आपोआप कटते. बॅक साइट आणि फोर साइटची अंतरं सारखी का ठेवायची, हे पाठ करण्याऐवजी मुलांनी डोळ्यांनी पाहिलं. त्यासाठी सरांनी एक बिघडलेली ऑटो लेव्हल मुद्दाम दुरुस्त न करता ठेवली आहे. अशी लेव्हल प्रत्येक कॉलेजात सापडेल, फरक एवढाच की इथे ती बिघडलेली आहे हे सांगतात.

आता तक्रार. जाहिरातीत टोटल स्टेशन (कोन आणि अंतर एकत्र मोजणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) मोठ्या अक्षरात आहे, मैदानावर एकच. तेही भाड्याचं, शेवटच्या तीन रविवारी आणलेलं. मांडणी सरांनी केली, बॅक साइटही (इथे, ओळखीच्या बिंदूवर नेम धरून दिशा पक्की करणं) सरांनीच लावली, मुलांनी आळीपाळीने प्रिझमवर (किरण परत पाठवणारी काच) नेम धरून बटण दाबलं. याला शिकवणं म्हणत नाहीत, दर्शन म्हणतात. प्रिझम बदललं की प्रिझम कॉन्स्टंट (त्या प्रिझमसाठी यंत्रात भरायची दुरुस्ती) बदलावा लागतो, नाहीतर प्रत्येक अंतरात तेवढीच चूक शिरते, याचा उल्लेख जाता जाता. अंतराची दुरुस्ती यंत्र भरलेल्या तापमानावरून करतं, आणि मेच्या उन्हात पारा 42 वर, स्क्रीनवर तापमान 20 अंश. मी खुर्चीतून उठून दाखवलं तर सर म्हणाले, ‘काका, एटलामां फरक ना पडे.’ शंभर मीटरच्या ट्रॅव्हर्सला (एकीला एक जोडत नेलेल्या मोजणीच्या रेषांना) नाही पडत, कबूल. अंशाला साधारण एक पीपीएम (दहा लाखांत एक) धरलं तर दोनच मिलिमीटर होतात. पण किलोमीटरभराच्या अंतरात ते बावीस होतात, आणि उद्या ही मुलं कालव्यावर किंवा हायवेवरच जाणार आहेत. डेटा उतरवून ऑटोकॅडमध्ये कॉन्टूर (सारख्या उंचीच्या रेषा) काढणं एका दुपारीत गुंडाळलं. लॅपटॉप दोन, मुलं बारा. नातीने ते नंतर घरी व्हिडिओ बघून केलं.

शिकवणं गुजराती-हिंदी मिसळीत चालतं, नोट्स इंग्रजीत. मराठी घरातल्या मुलांना इथे त्याची अडचण नसते. मुलींसाठी एक सांगतो. पोलो ग्राउंडवर सोय काही नाही, पाणी, टोपी घरून न्यावी. बूट घालूनच जावं, ट्रायपॉडचा पाय रोवताना चपलेतलं बोट सापडलं तर दिवसभर आठवण राहते.

जीटीयूच्या (गुजरात टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी) परीक्षेपुरतं सर्व्हेइंग हवं असेल किंवा साइटवर सुपरवायझर म्हणून लागण्याआधी हात बसवायचा असेल तर जरूर लावा. फक्त टोटल स्टेशनसाठी जाणार असाल तर आधी विचारा, यंत्र किती आणि मुलाच्या हातात किती वेळ येईल. पावसाळ्याची बॅच घेऊ नका, चिखलात ट्रायपॉड खचतो आणि निम्मे रविवार खोलीत जातात. दिवाळीनंतरची घ्या. नाव मात्र आधीच नोंदवा, बारा झाले की सर तेरावा घेत नाहीत. माझ्या ओळखीच्या एकाला त्यांनी सरळ परत पाठवलं.