बेस गिटारचा ब्रिज: पत्र्याचाच ठेवावा की जड बसवावा?

फेंडर कंपनीने 1951 साली प्रिसिजन बेस आणला, तेव्हापासून वाकवलेल्या पत्र्याचा ब्रिज (गिटारच्या अंगावरचा, तारा अडकवायचा धातूचा भाग) चालत आलाय. माझ्या बेसवरही तोच होता. ठाण्यात खाडीजवळ राहतो. दोन पावसाळ्यांत सॅडलचे (ब्रिजवरचा, तार टेकते तो छोटा तुकडा) बारीक स्क्रू असे गंजले की अ‍ॅलन की आत नुसतीच गोल फिरायची. शिवाय तार जोरात छेडली की सॅडल बाजूला सरकायचं.

जड ब्रिजचा पाट (तळाची पट्टी) जाड असतो आणि माझ्या नव्या ब्रिजमध्ये सॅडल खोबणीत बसतात, म्हणजे जागा सोडत नाहीत. खरा फायदा हाच. बाराव्या फ्रेटवरचा (मानेवरची धातूची आडवी पट्टी) हार्मोनिक, म्हणजे तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर, आणि दाबलेला सूर एकदा जुळवला (दाबलेला चढा वाटला तर सॅडल मागे घ्यायचं) की तो टिकतो. आवाज बदलतो का? सूर थोडा लांबल्यासारखा वाटला, पण त्याच दिवशी तारा नव्या टाकल्या होत्या, त्यामुळे श्रेय कोणाला द्यायचं!

फेंडरच्या पाच स्क्रूंच्या भोकांवर बसणारे जड ब्रिज मिळतात, ड्रिल लागत नाही. मात्र पाट जाड असल्याने तारा उंच राहू शकतात. माझ्या बेसच्या नेकखाली (मानेखाली) पातळ पट्टी घालावी लागली. ब्रिजखालची अर्थची वायर धातूला टेकली नाही तर अ‍ॅम्प गुणगुणतो, तेही आधी बघा.

पत्र्याचा ब्रिज हलका आणि स्वस्त. स्क्रू शाबूत असतील आणि जुना ठसका आवडत असेल, तर मी तो काढणार नाही. नुसते स्टेनलेसचे स्क्रू टाकेन.