दरवर्षी नवी आवृत्ती, की त्याच ई-पुस्तकात दुरुस्त्या?

तांत्रिक ई-पुस्तक निघून वर्ष होत आलं की हा प्रश्न पडतोच. नवं मुखपृष्ठ करून, नावात नवं साल घालून स्वतंत्र आवृत्ती काढायची, की आहे त्याच फाइलमध्ये दुरुस्त्या करत राहायचं? माझा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे. पण विषयाची चाल आधी पाहायला हवी.

काही विषय सालाच्या तालावरच चालतात. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेची नवी आवृत्ती २०२० पासून दर ऑक्टोबरात येते, जावास्क्रिप्ट या भाषेचं मानक २०१५ पासून दर जूनमध्ये. अशा विषयावर वार्षिक आवृत्ती शोभते. अल्गोरिदम किंवा रेग्युलर एक्स्प्रेशनवरच्या पुस्तकाला मात्र नावात साल घालणं म्हणजे नुसती रंगसफेदी. शिवाय नव्याचे नऊ दिवस: नोव्हेंबरात ताजं वाटणारं तेच साल फेब्रुवारीत शिळं दिसतं.

बदल किती मोठा आहे हे अंदाजाने ठरवू नका. नवं, कोरं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे आधी काहीच बसवलेलं नाही अशी पायथॉनची वेगळी जागा, उघडा आणि पुस्तकातलं प्रत्येक उदाहरण चालवा. २०२३ च्या ऑक्टोबरात पायथॉन ३.१२ आलं, तेव्हाचीच दोन उदाहरणं घ्या. ‘यूटीसीनाऊ’ हे आत्ताची जागतिक वेळ देणारं फंक्शन वापरलेला कोड चालत होता, फक्त ते आता वापरू नका अशी सूचना यायची. ही झाली एका ओळीची दुरुस्ती. ‘डिस्टयूटिल्स’ हे पॅकेजिंगचं, म्हणजे कोड इतरांना बसवता येईल असा बांधण्याचं साधन मात्र भाषेतून काढूनच टाकलं होतं. कोऱ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये ते इम्पोर्ट करताच एरर. तुमचं पॅकेजिंगचं प्रकरण त्यावर उभं असेल तर तिथे डागडुजी पुरत नाही, प्रकरण नव्याने लिहावं लागतं. अशी दोन-तीन प्रकरणं निघाली तर नवी आवृत्ती खुशाल काढा. नाही निघाली तर चालू फाइलच सुधारा.

आयएसबीएनचा, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकाचा नियमही साधारण याच रेषेवर आहे. टंकनदोष सुधारले तर जुनाच क्रमांक चालतो, मजकुरात भरीव बदल केला तर नवा घ्यावा लागतो.

पैशाचं गणित दोन्हीकडे वेगळं. नव्या आवृत्तीची पुन्हा विक्री होते, जाहिरातीला निमित्त मिळतं. पण दुकानात तिची नोंद नवी असेल तर वाचकांचे जुने अभिप्राय सहसा मागेच राहतात. आणि मागच्याच महिन्यात पुस्तक घेतलेला वाचक चिडतो, त्यात त्याचं काय चुकलं? त्याला सवलत नव्हे, नवी प्रत फुकटच द्यावी असं माझं मत.

चालू फाइलमध्ये दुरुस्त्या करायच्या तर विक्री कुठे करता यावर बरंच अवलंबून आहे. लीनपब या ई-पुस्तकांच्या संकेतस्थळावर एकदा पुस्तक घेतलेल्याला पुढचे बदल फुकट मिळतात, तिथे ही पद्धत सहज जमते. किंडलवर नवी फाइल चढवली तरी ती जुन्या ग्राहकांपर्यंत आपोआप पोचेल असं धरून चालू नका. या पद्धतीची खरी गोम वेगळीच आहे: केलेलं काम दिसत नाही. चार महिने खपून तीन प्रकरणं सुधारावीत आणि कुणाला पत्ताही नसावा! म्हणून पहिल्या पानांतच तारखेसह ‘काय बदललं’ अशी नोंद ठेवा: कोणतं प्रकरण, कोणतं उदाहरण, का बदललं. संदर्भ देणाऱ्यालाही तो कोणत्या तारखेची प्रत वाचतोय हे कळतं.

स्क्रीनशॉटवर चालणारं पुस्तक असेल, म्हणजे एखाद्या क्लाउड सेवेची पडद्यावरची बटणं दाखवणारं, तर माझा कल बाजूला ठेवा आणि वार्षिक आवृत्तीच काढा. चित्रं एकेक करून बदलत बसलं की एका पानावर जुना मेनू, पुढच्या पानावर नवा, अशी खिचडी होते.

नवी आवृत्ती काढलीच तर जुनी लगेच विक्रीतून काढू नका. पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसची प्रत्येक मुख्य आवृत्ती पाच वर्षं सांभाळली जाते. कचेरीतला सर्व्हर अजून तीन आवृत्त्या मागे असलेल्या माणसाला तुमचं जुनंच पुस्तक हवं असतं.