गाडीशिवाय कोकण: मुक्काम अलिबागला, रत्नागिरीला की मालवणला?

तीन दिवसांची सुट्टी आहे, समुद्र बघायचाय आणि स्वतःची गाडी नाही. अशा वेळी बहुतेक जण आधी किनाऱ्यांचे फोटो बघतात आणि मग गाव ठरवतात. मी उलटं करायला सांगेन. आधी एसटी स्टँडवरून चालत कुठवर पोचता येतं ते बघा, मग बाहेरच्या गावाहून परतीची शेवटची गाडी कधी आहे ते विचारा. कितीही सुंदर किनारा असला, तरी तिथून परत येण्यासाठी रिक्षावाल्याची मनधरणी करावी लागली तर सुट्टीची मजा जाते.

म्हणूनच दापोली मी यादीतून काढते. गाव छान आहे, हवा त्याहून छान, पण समुद्र गावात नाही. खेडला रेल्वेतून उतरायचं, एसटीने दापोली गाठायची आणि मुरूड, कर्दे, हर्णै यांपैकी कुठेही जायचं तर परत गाडी शोधायची. तीन दिवसांत एवढी चढउतार परवडत नाही.

मुंबईकरांसाठी अलिबाग सगळ्यात सोपं. गेटवेहून मांडव्याला लाँच किंवा कॅटमरान, तिकिटातच पुढची अलिबागपर्यंतची बस. पावसाळ्यात ही सेवा बंद असते. तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून २०२० साली सुरू झालेली रो-रो, म्हणजे गाड्याही वाहून नेणारी बोट, कामी येते. तिच्यात गाडीशिवायही बसता येतं. अलिबागच्या स्टँडवरून समुद्र चालण्याच्या अंतरावर आहे आणि वरसोलीही पायी होते. आक्षी-नागावला सहा आसनी रिक्षा मिळतात.

अलिबागला जायचं ते कुलाबा किल्ल्यासाठी, आणि तो ओहोटीला चालत जाऊन बघण्यासाठी. इथे कॅलेंडर उघडा. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, म्हणजे सकाळी नऊच्या आसपास ओहोटी. द्वितीया ते चतुर्थीची सकाळ त्यामुळे फार सोयीची. अष्टमीच्या आसपास भांगाची ओहोटी असते, पाणी पुरतं हटतच नाही. एकदा मी हे न बघता गेले, किल्ल्यातल्या गणपतीपाशी रेंगाळले आणि परतताना पाणी गुडघ्याच्या वर आलं. एका हातात चपला, दुसऱ्या हातात आईचा हात आणि पायाखाली शेवाळलेले दगड. तेव्हापासून तिथी बघितल्याशिवाय मी अलिबागची तारीख ठरवत नाही. पण किल्ला झाला, कान्होजी आंग्र्यांची समाधी झाली, की एका रात्रीनंतर तिथे राहण्यासारखं मला फार वाटत नाही. शनिवार-रविवारची गर्दीही सोसावी लागते.

रत्नागिरी हे खरंखुरं शहर आहे, आणि वाहन नसलेल्याला शहराचा आधार मोठा वाटतो. रेल्वे स्टेशन गावापासून सहा-सात किलोमीटरवर आहे, पण रिक्षा मिळतात. गावात एसटीची शहर बस आहे, रात्री जेवायला हॉटेलं उघडी असतात, औषधाचं दुकान शोधावं लागत नाही. आईवडिलांना घेऊन जाणार असाल तर दुसरा विचार करू नका. थिबा राजवाडा, लोकमान्यांचं जन्मस्थान, १९३१ साली उभं राहिलेलं पतितपावन मंदिर, रत्नदुर्गावरची भगवती, हे सगळं दीड दिवसात आरामात होतं. पावसाळ्यातही हेच गाव निवडा, कारण इथलं बघणं होडीवर अवलंबून नाही. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक मात्र संथ असतं.

उणीव समुद्राचीच आहे. मांडवीला संध्याकाळी बसायला मजा येते, पण वाळू काळी आणि पोहण्याजोगं पाणी नाही. त्यापेक्षा खाडीपुलापलीकडचं भाट्ये बरं. खरा समुद्र हवा तर गणपतीपुळ्याची एसटी धरा, पंचवीसेक किलोमीटर. चढण्याआधी कंडक्टरला विचारा, ‘आरे-वारे मार्गे ना?’ निवळीवरून जाणारी गाडी लांबून फिरते आणि समुद्र दाखवत नाही. आरे-वारेची असेल तर जाताना डावीकडची खिडकी पकडा. घाटाच्या वळणावर दोन्ही किनारे एकदम समोर येतात आणि गाडीतली बोलणी आपोआप थांबतात.

माझं मत मात्र मालवणलाच. तिथे पोचायला सगळ्यात जास्त कष्ट पडतात, हे आधीच सांगते. कुडाळला रेल्वेतून उतरायचं, मग तीसेक किलोमीटर एसटी. पुण्याकडून यायचं तर कोल्हापूर गाठून घाट उतरायचा. एक अख्खा दिवस प्रवासात जातो, म्हणून दोनच दिवस असतील तर मालवणच्या वाटेला जाऊ नका.

पण एकदा पोचलात की बॅग टाकायची आणि चालायला लागायचं. भरड नाक्यावरून बाजारपेठेतून उतरत धक्क्यावर या, समोर पाण्यात सिंधुदुर्ग. १६६४ साली महाराजांनी ज्या कुरटे बेटावर पाया घातला, तिथे होडीने काही मिनिटांत पाय ठेवता येतो. होडीवाले साधारण तासाभराची मुदत देतात. तटावरून फिरून दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी बघायच्या तर तो अपुरा पडतो, तेव्हा चढतानाच जास्त वेळ मागून घ्या. चिवला किनारा गावातच आहे. सकाळी लवकर गेलात आणि नशीब असलं तर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं, ओढताना दिसेल: दोन्ही बाजूंना माणसांची रांग, दोर कमरेशी, पाय वाळूत रुतवून मागे मागे सरकणं, आणि जाळं जवळ येईल तसं पाणी चांदीसारखं उसळायला लागतं. हे बघायला गाडी लागत नाही, फक्त लवकर उठावं लागतं.

तारकर्ली-देवबागला स्टँडवरून एसटी जातात. तारकर्ली सहा-सात किलोमीटर, त्यापुढे देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. संगमावर सूर्य बुडेपर्यंत बसायचा मोह होतोच. मला झाला आणि शेवटची एसटी गेली. घरी निघालेल्या एका रिक्षावाल्या काकांनी मालवणात सोडलं म्हणून निभावलं. जाताना कंडक्टरकडून परतीच्या वेळा लिहूनच घ्या.

साधारण मे अखेरीपासून ऑगस्टपर्यंत होड्या बंद असतात, तेव्हा मालवण टाळा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. रेल्वेचं आरक्षण आधी हातात घ्या, खोली नंतर मिळते. आणि बरोबर बायका असतील तर मार्च २०२३ पासून एसटीत त्यांना अर्धं तिकीट आहे, तो पैसा कोंबडी-वड्यांवर खर्च करा.