बीबीएसवरची सीडी अडायची थांबली

वरुडला आमच्या घरच्या एकाच फोन लाइनवर बीबीएस चालायचा, म्हणजे लोकांनी मोडेमनं फोन लावून आमच्या संगणकावरच्या फाइली घ्यायच्या. आधी कोणी सीडीवरच्या फाइलींची यादी मागितली की ड्राइव्ह घरघरत बसायचा अन् तिकडे बिचाऱ्याचं एसटीडीचं मीटर पळायचं. १९९३ साली आलेली मायक्रोसॉफ्टची ऑपरेटिंग सिस्टिम एमएस-डॉस ६.२ टाकली अन् लय फरक पडला, राजेहो! यातला स्मार्टड्राइव्ह प्रोग्राम सीडीवरून वाचलेलंही मेमरीत धरून ठेवायचा, म्हणजे कॅश करायचा. तीच यादी पुन्हा मागितली तर ड्राइव्हचा दिवा लुकलुकायचाही नाही. फक्त संगणक सुरू होताना आपोआप चालणाऱ्या ऑटोएक्झेक फाइलीत एमएससीडेक्सची (डॉसला सीडी ड्राइव्ह वापरू देणाऱ्या प्रोग्रामची) ओळ आधी अन् स्मार्टड्राइव्हची नंतर लिहावी लागायची. मी उलटं लिहिलं, सीडी कॅशमध्ये आलीच नाही, दोन रात्री गेल्या. डाउनलोडचा वेग मात्र तोच राहिला, सेकंदाला १४,४०० बिटच्या मोडेमवर एक एमबीला दहा मिनिटं. तरी घेतलं ते बरंच झालं.