घरी येणारी मानसोपचार नर्स : आठ महिन्यांचा अनुभव (कळवा, ठाणे)

माझा धाकटा भाऊ २२ वर्षांचा. वरच्या मजल्यावरचे लोक पंख्यातून आपल्याबद्दल बोलतात, असं त्याला वाटायला लागलं. सायकोसिसचा, म्हणजे खरं काय नि भास काय हे कळेनासं होण्याचा, पहिलाच एपिसोड, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या सुरू झाल्या आणि दर शनिवारी नर्स घरी यायला लागल्या.

आईला वाटलेलं, बीपी बघतील नि जातील. पण सिस्टर त्याच्या उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकून बसल्या. तिसऱ्या खेपेला तोच म्हणाला, "आत या."

बाबा त्याच्याशी आवाजांवरून वाद घालायचे. सिस्टरनी समजावलं, खोटं पाडू नका आणि होला होही करू नका. "मला ऐकू येत नाही, पण तुला भीती वाटतेय हे दिसतंय," एवढंच म्हणा. घरातली भांडणं तिथून कमी झाली.

दुसऱ्या महिन्यात तो रात्र-रात्र हॉलमध्ये येरझाऱ्या घालायला लागला. आजार वाढला म्हणून आम्ही डोस वाढवून घ्यायच्या बेतात होतो. सिस्टरनी त्याला स्टुलावर बसवलं आणि नुसते पाय बघत राहिल्या. टाचा थांबतच नव्हत्या. "अस्वस्थ डोक्यात वाटतंय की पायात?" तो म्हणाला, "पायात." हा गोळीचाच दुष्परिणाम असू शकतो, याला अकॅथिसिया म्हणतात, असं सांगून त्यांनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. डोस कमी झाला आणि चार-पाच दिवसांत पोरगा झोपला. आम्ही डोस वाढवला असता तर त्याचे हाल आणखी वाढले असते. ओपीडीतल्या दहा मिनिटांत हे दिसलं नसतं.

या गोळ्यांनी वजन वाढू शकतं; त्याचं ५८ वरून ६४ किलो झालंय. म्हणून त्या कमरेला टेप लावतात, साखर तपासून घ्यायला लावतात.

तक्रार एकच, पण मोठी. पाचव्या महिन्यात एजन्सीनं न सांगता नर्स बदलली. नव्या बाईंनी पाहुण्यांसमोर त्याची फाईल वाचली. दोन आठवडे तो खोलीबाहेर आला नाही. भांडून जुन्या सिस्टर परत आणल्या. तुम्ही सेवा घेताना एकच नर्स येईल, असं लिहून घ्या आणि तिनं मानसोपचार नर्सिंगचं प्रशिक्षण घेतलंय का, ते विचारा. रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

गोळ्या अजून चालू आहेत. संध्याकाळी कधीकधी आवाज येतात. झोप उडणं, अंघोळ टाळणं, फोन बंद ठेवणं, अशी स्वतःच्या धोक्याच्या खुणांची यादी त्यानं सिस्टरसोबत बसून केली आणि फ्रिजवर चिकटवली. खाली लिहिलंय, अशा वेळी कुणाला सांगायचं. पहिलं नाव 'ताई' आहे.