भूर म्हणजे पाणी नव्हे

पाळणाघराच्या पहिल्या आठवड्यात माझी नात ओवी रोज दुपारी रडायची आणि रडताना एकच शब्द घोकायची, "भूर". मासी, म्हणजे तिथल्या मदतनीस बाया, लगबगीने पेला भरून आणायच्या. ओवी दोन घोट प्यायची, पुन्हा "भूर", पुन्हा पेला. चौथ्या दिवशी तीन चड्ड्या बदलल्यावर मोठ्या बेननी, म्हणजे मुख्य बाईंनी, मला दारात थांबवलं. "दादा, ही घरी पण एवढं पाणी पिते?"

मला आधी काही कळेना. मग एकदम हसू फुटलं. गुजराती बाळबोलीत भू म्हणजे पाणी. आपल्याकडे भूर म्हणजे बाहेर जायचं. पोरगी चार दिवस म्हणत होती, मला इथून न्या, आणि ही माणसं तिला पाणी पाजत होती.

बेन हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी भिंतीवर मोठा कागद लागला होता. वर्गातल्या प्रत्येक मुलाचं नाव आणि त्यापुढे त्याच्या घरचे शब्द: पाणी, जेवण, शी-शू, झोप, दुखतंय, घरी जायचंय. एका मल्याळी मुलापुढे "वेळ्ळम" होतं. ओवीपुढे "भूर = बहार जवुं छे" असं गुजरातीत लिहून खाली लाल रेघ मारली होती. तो कागद अजून आहे. नवं मूल आलं की एक ओळ वाढते.

ही हकिकत जून २०२४ ची. ओवीला दोन वर्षं पूर्ण व्हायला महिनाभर होता. आता दोन वर्षं होत आली आम्हाला तिथे, म्हणून लिहायला बसलोय. पाळणाघर बडोद्याच्या अकोटा भागात आहे, जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर, पुढे कडुलिंब. नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत.

आधी माझी बाजू सांगतो. मी पाळणाघराच्या विरोधात होतो. घरात दोन रिटायर माणसं असताना पोर बाहेर कशाला, हा माझा मुद्दा. मुलगा दहेजच्या प्लांटमध्ये, सकाळी सहाची कंपनीची बस. सूनबाई मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका लहान लॅबमध्ये. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ ला झालेल्या दुरुस्तीपासून ५० किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघराची सोय करावी लागते, आईला दिवसातून चारदा मुलाकडे जाता येतं. तिच्या लॅबमध्ये माणसं १९. तेव्हा कायदा वाचून घडी घालून ठेवला. आमच्या सौ.चे गुडघे गेलेले. मी दोन महिने एकट्याने किल्ला लढवला आणि शेवटीशेवटी टीव्हीपुढे बसवून घास भरवत होतो, हे कबूल करतो.

मधे तीन आठवडे एका चकचकीत ठिकाणीही घातलं होतं. एसी, प्लास्टिकची हिरवळ, मोबाइलवर कॅमेरा. पावणेदोन वर्षांच्या मुलीच्या दप्तरातून "ठिपके जोडा" असा कागद आला, आणि तो घरून पूर्ण करून आणायचा होता. मीच जोडले ठिपके. बदक निघालं. त्यावर ओवीला स्टार मिळाला. मग काढून घेतलं.

अकोट्याच्या ठिकाणी मला काय पटलं, तर दारातला व्यवहार. मी रेल्वेत स्टेशन मास्तर होतो. ड्युटी बदलताना चार्ज देणं-घेणं हा आमच्याकडे अर्धा धर्म. कुठली गाडी कुठे उभी, कुठला सिग्नल बिघडलाय, सगळं लिहून सही. इथे सकाळी साडेआठला बेन तसाच चार्ज घेतात. रात्री झोप कशी झाली, सकाळी काय खाल्लं, पोट साफ झालं का, औषध आहे का, घरात काही घडलं का. (घरात काही घडलं का, हे विचारतात म्हणून पहिल्यांदा मला राग आला होता. सौ. दवाखान्यात होत्या त्या आठवड्यात त्याचा उपयोग कळला.) संध्याकाळी वही आपल्याकडे येते. एक नोंद जशीच्या तशी: "१.१० ते २.२५ झोप. खिचडी अर्धी वाटी, कढी नको म्हणाली. ११.४० ला घसरगुंडीपाशी उजवा गुडघा खरचटला, पाण्याने धुतला." वेळ लिहिली होती! मी ती ओळ सौ.ला दोनदा वाचून दाखवली.

मूल न्यायला कार्ड लागतं. फोटो, नाव, शिक्का. एकदा पावसात मी कार्ड विसरलो. वर्षभर रोज येणारा माणूस मी, मासींना नावानिशी ओळखतो, त्यांच्या मुलाच्या नोकरीसाठी अर्ज लिहून दिलाय. तरी नाही म्हणाल्या. मुलाला फोन लावला, तर प्लांटमध्ये फोन जमा. सूनबाई उचलेना. पंचवीस मिनिटं मी ओल्या शर्टाने बाकावर, आणि ओवी खिडकीतून ओरडतेय, "आजोबा, बेसी जाओ!" मी भांडलो. चांगला आवाज चढवून भांडलो. अखेर सूनबाईचा फोन आला, बेननी तिला ओवीची जन्मतारीख विचारली, मग मूल हातात दिलं.

घरी चहा घेताना सौ. म्हणाल्या, "तुम्ही टोकनशिवाय गाडी सोडली असती का?" टोकनची पद्धत होती तेव्हा एकेरी मार्गावर ड्रायव्हरच्या हातात टोकन, म्हणजे पुढे जायची परवानगी, असल्याखेरीज गाडी पुढच्या सेक्शनमध्ये जात नसे, ड्रायव्हर सख्खा मेहुणा असला तरी. मी गप्प चहा प्यालो. दुसऱ्या दिवशी मासींसाठी अर्धा किलो लीलो चिवडा नेला.

आत काय चालतं, हे मी सुरुवातीचे सहा दिवस सकाळी कोपऱ्यात बसून पाहिलंय. पहिला आठवडा घरचं माणूस बसू देतात, रोज थोडं थोडं कमी. मुलं मुगाची डाळ या वाटीतून त्या वाटीत ओततात, सांडलेली वेचतात. कणीक तिंबतात. दोरीवर रुमाल वाळत घालून चिमटे लावतात. मला आधी वाटलं, फी देऊन पोरांकडून धुणं करून घेतात की काय. बेननी समजावलं: पेन्सिल धरायला आधी मनगट आणि बोटं तयार व्हावी लागतात, चिमटा दाबताना नेमकी तीच कामाला लागतात. बेन विद्यापीठाच्या होम सायन्समध्ये शिकलेल्या. फॅकल्टीचं नाव आता बदललंय, पण बडोद्यात कोण म्हणतंय नवं नाव. उमेदवारी तिथल्याच चेतन बालवाडीत केलेली.

ऑफिसात भिंतीवर गिजुभाई बधेकांचा फोटो आहे, भरघोस मिशांचा. वकिली सोडून ज्यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर काढलं, ते. गुजराती माणूस त्यांना "मूछाळी मा", मिशीवाली आई, म्हणतो. ताराबाई मोडक त्यांच्याबरोबर भावनगरला काम करत आणि पुढे बोर्डी-कोसबाडला गेल्या, हे मी बेनना सांगायला गेलो, तर त्यांनी ताराबाईंचाही फोटो दाखवला. कपाटामागे होता, काच फुटलेली. लावा म्हटलं. दोन वर्षं झाली, अजून लावला नाही.

माणसांचा हिशेब: ओवीच्या पहिल्या वर्गात चौदा मुलं, एक बेन आणि दोन मासी. बालसंगोपन आणि बालशिक्षणाच्या २०१३ च्या राष्ट्रीय धोरणात तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक मोठं माणूस सांगितलंय, म्हणजे इथे बरंच बरं. पण एक मासी रजेवर गेली की बदली माणूस नसतं, आणि लग्नसराईत हे हमखास होतं.

आता तक्रारी. वरणात गूळ, त्याला इलाज नाही, आपण बडोद्यात राहतो. शुक्रवारी नाश्त्याला बिस्किटं देतात, ते मात्र बंद करा म्हणून मी दोनदा लेखी दिलंय. वार्षिक कार्यक्रम भयंकर. मोराच्या पोशाखाचे ८५० रुपये घेतले, अडीच वर्षांच्या मुलांना पाऊण तास पडद्यामागे उभं केलं, आणि आमचा मोर स्टेजवर येऊन झोपला. वर्षभर जे समजावतात त्याच्या अगदी उलट वागतात त्या दिवशी. बेनना विचारलं तर म्हणाल्या, पालकांना हवं असतं. असेल. मला नको होतं.

२०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा तळमजल्यावर कंबरभर पाणी होतं. नऊ दिवस बंद. गाद्या, पुस्तकं, लाकडी ठोकळे सगळं गेलं. तरी सप्टेंबरची पूर्ण फी मागितली. आम्ही सहा-सात पालकांनी जाऊन बोलणं केलं, मग अर्धी झाली. हे आपणहून करायला हवं होतं. पण त्याच महिन्यातली एक गोष्ट विसरत नाही. मुलांनी घरोघरी पुरासोबत आलेल्या मगरींच्या बातम्या ऐकलेल्या, खिडकीतून पाणी पाहिलेलं. पुन्हा सुरू झाल्यावर सगळी मगर-मगर खेळायला लागली. एक मगर होणार, बाकीचे खुर्च्यांवर चढणार, किंचाळणार. मी म्हटलं, थांबवा हे, घाबरतील. बेननी थांबवलं नाही, उलट निळी चादर आणून अंथरली, "आ पाणी". तीन आठवडे तेच चाललं. मग एके दिवशी चादरीवर भातुकली मांडलेली दिसली.

अभ्यासाची घाई असलेल्यांनी इथे येऊ नये. अक्षरं गिरवून घेत नाहीत, इंग्रजी कविता पाहुण्यांपुढे म्हणता येणार नाहीत. मुलाला याची काळजी होती. मग आम्ही हिशेब मांडला. गुजरातेत पहिलीला १ जूनला सहा वर्षं पूर्ण लागतात. ओवी जुलैची. म्हणजे २०२८ हुकणार, २०२९ ला पहिली. पाच वर्षं हातात असताना पोरीला घाई कसली, असं मी म्हटलं. सूनबाईने बोटांवर पुन्हा मोजलं आणि मान्य केलं.

भाषेची मला धास्ती होती. आता ती "आजोबा, मला पाणी आपा" म्हणते. आप म्हणजे गुजरातीत दे. सौ. सुधारतात, मी नाही. आमच्या चार पिढ्या दांडिया बाजारात असंच बोलत आल्या.

फी अर्ध्या दिवसाची ३,२०० आणि पूर्ण दिवसाची ६,५००, जेवण धरून. संध्याकाळी साडेसहाच्या पुढे थांबवत नाहीत, उशीर झाला की दर पंधरा मिनिटांना ५० रुपये, आणि घेतात. गाडी लावायला जागा नाही, ॲक्टिव्हा कडुलिंबाखाली लावा, वर कावळ्यांचं घरटं आहे.

चौकशीला जायचं असेल तर सकाळी अकरानंतर जा. साडेआठला दारात बेनशी बोलायला जाऊ नका, तेव्हा त्या चार्ज घेत असतात.